पान नंबर एकोणनव्वद

नानासो अर्जुना कोळेकर याचं हजेरीपटावरचं नाव नानासाहेब असं आहे. बारशालाच साहेब झाल्यामुळं पुढं आयुष्यात आणखी काही व्हायची निकड राहिली नाही, असं तो स्वतःच सांगतो. उंब्रजच्या पुढं हायवेला लागून कृष्णाकाठ विद्यापीठ आहे. तिथं ग्रंथालयात तो परिचर म्हणून लागला तेव्हा ते साधं कॉलेज होतं. नंतर कॉलेजचं विद्यापीठ झालं, पत्र्याच्या शेडची दुमजली इमारत झाली, ग्रंथपालांच्या दारावर 'संचालक' अशी पाटी आली. नानासो परिचर होता तो परिचरच राहिला. आधी त्याला 'ए नाना' म्हणायचे, आता 'काका' म्हणतात. बढती म्हणावी तर एवढीच.

माणूस मूळचा आटपाडीकडचा, हिंगणवाडीचा. घरची मेंढरं. बाप अर्जुना दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा, रानं बघत बघत फलटण-खंडाळ्यापर्यंत जायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. नानासो बारावीपर्यंत शिकला तो मेंढरांमागं चालायचा कंटाळा म्हणून. हे तो कुणापासून लपवत नाही. "शिक्षणाची लय आवड हुती आसं काय न्हाई. पाय दुखायचं," असं सरळ सांगतो.

एका बाबतीत मात्र सगळं विद्यापीठ त्याला वचकून असे. पुस्तक परत आलं की नानासो ते हातात घ्यायचा, अंगठ्यानं सगळी पानं भर्रकन सोडायचा आणि मग विद्यार्थ्याकडं असा बघायचा, की न फाडलेलं पानही आपणच फाडलं असावं असं त्या पोराला वाटे. पान फाडणाऱ्यांवर त्याचं ठरलेलं भाषण होतं. पुस्तकाचं पान म्हणजे गाईचा कान, तो कापला तर गाय मरत नाही पण बघणाऱ्याला कळतं की मालक कसाय, अशी त्याची सुरुवात असायची. एकदा खंडाळ्याच्या एका पोराला त्यानं दोन तास काउंटरपाशी उभं करून हे भाषण दोनदा ऐकवलं. मागाहून कळलं की ते पान कसरीनं खाल्लेलं होतं. तो पोरगा आता फौजदार आहे. रस्त्यात गाठ पडली की तो नानासोला नमस्कार करतो आणि नानासो पटकन चपलेचा अंगठा बघायला वाकतो.

गेल्या वर्षी ग्रंथालयात जुन्या पुस्तकांचं डिजिटायझेशन सुरू झालं. संचालक शिवांजली जगदाळे मॅडमनी दोन वर्षं खेटे घालून मंजुरी आणली होती. एकोणीसशे पन्नासच्या आधीची साडेसहा हजार पुस्तकं होती. काही एका मोडीत निघालेल्या संस्थानाची, काही बंद पडलेल्या शाळांची, काही कुणाच्या वारसांनी पोत्यात भरून आणून टाकलेली. कागद पापडासारखा झालेला. मॅडम म्हणाल्या, "आणखी दहा वर्षांनी यांची पानं उलटताच येणार नाहीत. त्याआधी सगळ्यांचे फोटो निघाले पाहिजेत."

मशीन आलं. मधे खोलगट पाळणा, त्यात पुस्तक अर्धं उघडून ठेवायचं, वरून काच खाली यायची, दोन बाजूंचे दोन कॅमेरे एकदम फोटो काढायचे. संगणक सांभाळायला फलटणची स्वप्नाली निंबाळकर कंत्राटावर आली. तिशीची बाई, कामाला चलाख, एक मुलगी बालवाडीत. राहिला प्रश्न पानं उलटायचा. मॅडमनी ऑफिसातल्या सगळ्यांचे हात बघितले. कुणाला घाम यायचा, कुणाची नखं वाढलेली, कुणाच्या बोटाला तंबाखू. नानासोचे हात कोरडे ठणठणीत, अख्ख्या माणदेशासारखे. "तीस वर्सांत पैल्यांदाच माजी कशासाठी तरी निवड झाली," तो घरी बायकोला म्हणाला, "ती बी घाम येत न्हाई म्हनून."

पहिल्या आठवड्यात दोनशे पानांचं एक पुस्तक झालं. स्वप्नालीनं ते पडद्यावर तपासायला घेतलं आणि थांबून म्हणाली, "काका, जरा इकडं या."

पान सातवर खालच्या कोपऱ्यात नानासोचा अंगठा होता. पान नऊवर होता. पान अकरावर अंगठ्यासोबत मनगटावरचा काळा दोराही आला होता. एकूण शेहेचाळीस पानांवर नानासो हजर होता.

तो पडद्याजवळ वाकला. "लेखकापेक्षा मीच जास्त दिसतोय की," म्हणाला.

"परत काढावं लागेल सगळं."

"काढू. पर ह्यो एक अंगठा चांगला आलाय, त्यो ऱ्हाऊ दे."

तोही राहिला नाही. पुढं त्याला जमू लागलं. बांबूची एक चपटी काडी घासून घासून त्यानं गुळगुळीत केली, तिच्यावर पान उचलायचं, पलीकडं निजवायचं, हात मागं. दिवसाला सहाशे पानं निघू लागली.

पण एक पुस्तक होतं, ते तो मशीनपाशी येऊ देत नव्हता. पशुपालनाच्या कपाटातलं, वरच्या फळीवरचं, मळकट हिरव्या कापडी बांधणीचं 'शेळ्यामेंढ्यांची जोपासना व रोगनिवारण'. छापील साल एकोणीसशे एकतीस. ढकलगाडीवर पुस्तकं लावताना नानासो ते उचलायचा आणि परत फळीवर ठेवायचा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं ते कायद्याच्या पुस्तकांत नेऊन ठेवलं. तीस वर्षांत एकही पुस्तक चुकीच्या जागी न ठेवलेल्या माणसानं हे केलं, आणि त्याचंच त्याला इतकं वाईट वाटलं की दुपारी त्यानं ते परत जागेवर आणलं.

मग मॅडमनी सांगितलं की सुरुवातीला लोकांसाठी शंभर पुस्तकं खुली करायची, आणि ती आपल्या भागातल्या लोकांच्या उपयोगाची हवीत. यादीत पहिल्या दहात ते हिरवं पुस्तक होतं. "तुमच्याकडच्या लोकांना बरं वाटेल ना, नानासो?" मॅडम म्हणाल्या.

"व्हय म्याडम, लय," नानासो म्हणाला. त्याच्या कोरड्या हातांना त्या दिवशी पहिल्यांदा घाम आला.

पुस्तक पाळण्यात बसलं. नानासो पानं उलटत गेला. ऐंशी गेलं, चौऱ्याऐंशी गेलं. अठ्ठ्याऐंशी आलं आणि त्यानं पुढचं पान जरा जोरातच उलटलं, जणू वेगानं गेलं तर मशीनला कळणार नाही. मशीनला कळलं. पडद्यावर लाल चौकट आली.

"अठ्ठ्याऐंशीनंतर एकदम एक्क्याण्णव," स्वप्नाली म्हणाली. "काका, एक पान गेलंय."

"पोरं फाडत्यात," नानासो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याचा त्यालाच धक्का बसला. तोंडाला सवय होती.

स्वप्नालीनं वाकून बघितलं. पान कापलेलं नव्हतं, हातानं ओढलेलं होतं. शिवणीपाशी बोटभर पट्टी राहिली होती. ती म्हणाली, "कुणी नेलं होतं ते तरी बघू," आणि पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली देवघेवीची चिठ्ठी उघडली.

नानासोनं तीस वर्षांत हजारो चिठ्ठ्या बदलल्या होत्या. ही बदलायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. त्र्याण्णव वर्षांच्या त्या पुस्तकाची चिठ्ठी जवळजवळ कोरी होती. तिच्यावर एकच नोंद होती. जानेवारी एकोणीसशे सत्त्याण्णव, शनिवारी नेलं, सोमवारी परत. नाव, ना. अ. कोळेकर. अक्षर सुवाच्य, शिक्का ठसठशीत. चोरी करताना नोंद करणारा चोर या ग्रंथालयात एकच झाला असणार.

स्वप्नाली चिठ्ठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काका, कोळेकर दुसरं कुणी होतं का इथं?"

"न्हाई," नानासो म्हणाला. "मीच."

त्यानं बांबूची काडी खाली ठेवली आणि स्टुलावर बसून सगळं सांगितलं.

त्या जानेवारीत बापाचा कळप फलटणकडं एका बागायतदाराच्या रानात बसलेला. मेंढरांना खुरकूत झाला. खुरं चिघळली, तोंडातून लाळ, उठेनात. दहा-बारा कोकरं गेली. निरोप उसाच्या ट्रकवाल्याबरोबर कॉलेजवर आला. नानासोला हे हिरवं पुस्तक माहीत होतं, कारण पुसून पुसून त्याला सगळ्याच पुस्तकांच्या पाठी माहीत होत्या. अनुक्रमणिकेत लिहिलं होतं, 'खुरकूत, पान ९०'. शनिवारी त्यानं पुस्तक रीतसर स्वतःच्या नावावर घेतलं आणि एसटीनं फलटण गाठलं. सोमवारपासून वार्षिक मोजणी होती, तेव्हाचे ग्रंथपाल एकेक पुस्तक हात लावून मोजायचे. म्हणजे रविवारी परत निघायलाच हवं.

पालावर बापाला वाचता येत नव्हतं. चुलतभाऊ बिरू सातवी शिकलेला, त्याला वाचता यायचं, पण पुस्तक मागं ठेवता येत नव्हतं. उतरून घ्यावं तर पेन चालेना. फाट्यावर एसटी हॉर्न मारत होती. नानासोनं नव्वद नंबरचं पान धरलं आणि ओढलं. पाठीमागं एकोणनव्वद होतं, तेही आपसूक आलं. पान बिरूच्या हातात दिलं, पुस्तक पिशवीत टाकलं आणि तो पळाला.

"आन मेंढरं?" स्वप्नालीनं विचारलं.

"बरी झाली की. धा-बारा दिसांत सगळी उभी ऱ्हायली. म्हनून तर आजवर मला काय वाटलं न्हाई. म्हंजे वाटायचं, पर मेंढरं आठवली की बरं वाटायचं. आन पोरांना भाषान देताना तर इसरूनच जायचो."

मॅडमना सांगणं भाग होतं. तो आत गेला, उभ्यानंच सांगितलं. पहिल्या वर्षी त्या इथं आल्या तेव्हा नानासोनं त्यांनाही कानाचं भाषण ऐकवलं होतं.

"लेखी खुलासा द्या," त्या म्हणाल्या. "आणि ते पान कुठं आहे ते शोधा."

रविवारी नानासो हिंगणवाडीला गेला. बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती. आई बयाबाई ऐंशीच्या पुढची, अंगणात बाभळीच्या सावलीला बसून शेळीच्या करडाला भाकरीचा तुकडा भरवत होती.

"आय, त्ये पान हाय का गं? बा जवळ हुतं त्ये. औशदाचं."

"पान? त्ये कवाच गेलं की," बयाबाई म्हणाली. "आदी बिरूकडं हुतं, मग तुज्या बा नं कोपरीच्या खिशात ठेवलं. मग लिंगीवऱ्याच्यांनी नेलं, मग जतच्यांनी नेलं. मेंढरांच्या ह्या वाड्यावरनं त्या वाड्यावर फिरलं. शेवटाला खंडाळ्याकडं पावसात गावलं आन लगदा झालं. पर त्याला काय हुतंय, मला पाठ हाय."

"तुला? तुला कुठं वाचता येतंय?"

"बिरू धा दिस रोज वाचायचा, मी औशद खलायची. पाठ हुनार न्हाई तर काय."

आणि बयाबाईनं करडाला मांडीवरून उतरवलं, पदर सारखा केला आणि शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "या रोगावर करंजाचे तेल एक शेर घेऊन त्यात गंधकाची वस्त्रगाळ पूड पाच तोळे मिसळावी. मिश्रण कोमट करून बाधित जागी सकाळ-सायंकाळ चोळावे. जनावरास ओल्या जागी बसवू नये."

ज्या बाईच्या तोंडी जन्मात कधी 'आहे' आलं नाही, तिच्या तोंडून 'मिसळावी' आणि 'चोळावे' ऐकताना नानासोला हसू आलं. त्यानं ते मोबाइलवर बोलायला लावलं, नोंदवून घेतलं आणि सोमवारी मॅडमना ऐकवलं. मॅडमनी दोनदा ऐकलं. मग म्हणाल्या, "छान आहे. जपून ठेवा. पण पान म्हणून हे लावता येणार नाही, नानासो. पान पान असतं."

दुसरी प्रत स्वप्नालीनं शोधली. राज्यातल्या ग्रंथालयांच्या याद्या पडद्यावर उलट्यापालट्या करून चौथ्या दिवशी तिला ती सांगलीच्या एका जुन्या वाचनालयात सापडली. फोन केला तर तिथल्या ग्रंथपालांनी सांगितलं, पुस्तक बाहेर जाणार नाही, पानाचा फोटो हवा तर माणूस पाठवा, भरवशाचा.

"तुम्हीच जा," मॅडम म्हणाल्या.

सांगलीचं ते वाचनालय नदीच्या अंगाला होतं. भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. ग्रंथपाल लालासाहेब सत्तरीचे, निवृत्त होऊनही रोज येणारे, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. त्यांनी नानासोची पिशवी बाहेर ठेवायला लावली, वहीत सही घेतली, हात धुवायला लावले आणि धुतलेले हात बघितले.

"पुरात खालची दोन कपाटं गेली," ते म्हणाले. "हे वरच्या कप्प्यात होतं म्हणून वाचलं. तुमच्या प्रतीला काय झालं?"

"पान फाटलंय."

"फाटलंय का फाडलंय?"

"फाडलंय."

"ही पोरं," लालासाहेब मान हलवत म्हणाले. "सापडला का फाडणारा?"

नानासोला वाटलं, व्हय म्हणावं आणि गप बसावं. पण आधीच एकदा पोरांवर ढकलून झालं होतं आणि ते पचलं नव्हतं.

"सापडला की," तो म्हणाला. "मीच हाय त्यो."

लालासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग आपली खुर्ची उचलून आणली, नानासोच्या अगदी शेजारी ठेवली आणि हातात लाकडी पट्टी घेऊन बसले. पुस्तकही त्यांनीच उघडलं. हात पाठीमागं बांधायचे की मांडीवर ठेवायचे, हे नानासोला कळेना. काउंटरच्या पलीकडं उभं राहिलेल्या पोरांना कसं वाटत असेल, ते इतक्या वर्षांनी त्याला नीट समजलं. मजा वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पान एकोणनव्वद समोर आलं. पहिलीच ओळ, 'या रोगावर करंजाचे तेल एक शेर घेऊन...'. आईनं एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता. नानासोचं मन भरून आलं. त्यानं फोटो काढला. आणि कशाला कुणास ठाऊक, म्हणाला, "सायेब, आदीचं पान जरा दाखवता का?"

लालासाहेबांनी डावीकडच्या पानावर धरलेली पट्टी उचलली. अठ्ठ्याऐंशीच्या तळाला जाड अक्षरात मथळा होता, 'खरूज'. त्याखाली चार ओळी खरजेची लक्षणं. तिथून पान संपून एकोणनव्वदवर 'या रोगावर' सुरू होत होतं.

नानासोनं परत वाचलं. मग लालासाहेबांनी पान उलटलं आणि त्यानं नव्वद बघितलं. नव्वदवर निम्म्यापर्यंत खरजेचंच पुढचं, मग गोचिडांचं, आणि अगदी तळाला मथळा, 'खुरकूत'. त्याखाली दोन ओळी, की हा रोग सांसर्गिक असून खुरे व तोंड यांस फोड येतात, यावरील उपाय पुढीलप्रमाणे. पान संपलं. उपाय एक्क्याण्णववर होता. मोरचुदाच्या पाण्यानं खुरं धुवावीत, तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवावं, आजारी जनावरं वेगळी काढावीत.

'पुढीलप्रमाणे' वाचून बिरूनं हातातलं पान उलटलं असणार आणि मागचं 'या रोगावर' वाचत सुटला असणार. एक्क्याण्णव नंबरचं पान नानासोनं फाडलं नव्हतं. ते सत्तावीस वर्षं ग्रंथालयात, वरच्या फळीवर, अगदी सुरक्षित होतं.

लालासाहेबांनी विचारलं, "काय झालं हो?"

नानासोनं सांगितलं. खरजेचं औषध खुरकुताला लावलं. धा दिवस. दोन वेळा. तीनशे मेंढरांना.

लालासाहेबांनी पट्टी खाली ठेवली. त्यांचे खांदे हलायला लागले. वरचं बटण लावलेला तो माणूस आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग ते उठून आत गेले, दोन कप चहा घेऊन आले आणि म्हणाले, "घ्या. इथं चहा प्यायला बंदी आहे, पण घ्या. मेंढरं तशी आपोआपही बरी होतात त्यातनं. माझे वडील पशुवैद्य होते, ते सांगायचे."

"म्हंजे मी पान फाडलं नसतं तरी..."

"तरी बरी झाली असती."

सांगलीच्या स्टँडवर उंब्रजची गाडी लागलेली होती. नानासो ती सोडून आटपाडीच्या गाडीत बसला. सगळ्या वाटेनं तो हिशोबात पडल्यासारखा एकच गोष्ट उलटसुलट करत होता. आपल्या हातून आयुष्यात एक चूक झाली आणि त्या चुकीनं बापाची मेंढरं वाचली, एवढ्या भांडवलावर त्याचं आजवर भागलं होतं. आता कळलं की चूक तर होतीच, पण तीसुद्धा चुकून झाली होती. बरोबर पान फाडायलाही अक्कल लागते, ती आपल्याकडं नव्हती. भिवघाट चढताना त्याला हसू यायला लागलं. शेजारी बसलेल्या, मांडीवर कोंबडी घेतलेल्या रंगुबाई नावाच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "करंजाचं तेल ना? आमी बी त्येच लावतो खुराला. नानाचं औशद म्हनत्यात त्याला."

"कोन नाना?"

"आसंल कुनीतरी. इद्यापिठात मोठा सायेब हाय म्हनं."

नानासो खिडकीबाहेर बघत बसला. आटपाडी येईपर्यंत त्यानं तोंड आत घेतलं नाही.

बयाबाईला त्यानं सगळं सविस्तर सांगितलं. पान कुठलं होतं, औषध कशाचं होतं, बरोबर औषध कुठं होतं. तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बरं मग?"

"मग काय. चुकीचं औशद हुतं, आय."

"मेंढरांस्नी कुठं वाचता येतंय," बयाबाई म्हणाली. "बरी झाली ती झाली."

मग म्हणाली, "तुज्या बा ला ठावं हुतं, तू पान फाडून आनलं त्ये. त्यो बघत हुता पालावरनं. मला म्हनला, पोरानं नोकरीवर पानी सोडायची तयारी केली गं माज्या मेंढरांपायी. लय दिस त्येच बोलायचा. जतला जाऊन बी त्येच."

नानासोला हे माहीत नव्हतं. 'कागदं राखायची नोकरी' असं म्हणून बाप आयुष्यभर त्याची टिंगल करायचा, तेवढंच त्याला माहीत होतं. करडू येऊन त्याच्या विजारीचा काठ चघळायला लागलं, ते त्यानं चघळू दिलं.

विद्यापीठात परतल्यावर त्यानं खुलासा लिहिला. 'वरील विषयास अनुसरून' इथपर्यंत पटकन लिहून झालं, पुढच्या दीड पानाला तीन तास लागले. मॅडमनी तो वाचला आणि लेखी ताकीद दिली. खुलासा फाइलला लावताना त्यांनी शेवटचा परिच्छेद परत वाचला. त्यात नानासोनं लिहिलं होतं की, फाडलेल्या पानाचा सदर रोगाशी काही संबंध नव्हता, हे गुन्ह्याचं गांभीर्य कमी करणारं की वाढवणारं हे ठरवण्याचा अधिकार संचालकांना आहे.

"हे मला खरंच ठरवता येईना," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

सांगलीचं पान छापून नानासोनंच त्या पुस्तकात डागडुजीच्या पातळ जपानी कागदाची पट्टी लावून बसवलं. पडद्यावर स्वप्नालीनं टीप टाकली, पृष्ठे ८९-९० अन्य प्रतीवरून. त्याखाली आपलं नाव घाला, असं नानासो म्हणत होता. मॅडमनी नको म्हटलं. पुस्तकं खुली झाली तेव्हा पहिल्या महिन्यात ते हिरवं पुस्तक त्रेचाळीस वेळा उघडलं गेलं. त्यातल्या एकतीस वेळा तो स्वतः होता, हे स्वप्नालीनं आकड्यांवरून काढलं आणि त्याला सांगितलं.

पण एवढ्यावर त्याचं समाधान होईना. चुकीचं औषध आपल्या नावानं रानोमाळ फिरतंय, ते थांबवायला पाहिजे, असं त्यानं मनावर घेतलं. बिरूकडून वाड्यावाड्यांवरच्या लोकांचे नंबर घेतले. दुपारच्या सुट्टीत जिन्यात बसून एकेकाला फोन लावायचा, आपण कोण ते सांगायचं, करंजाचं तेल खरजेचं आहे, खुरकुताला लावू नका, सरळ जनावराच्या डॉक्टरला बोलवा, लस टोचून घ्या, असं समजावायचं. आठवड्यात सतरा जणांना फोन झाले. सोळा जणांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्याकडं तर त्या तेलानंच गुण येतोय.

सतरावा म्हणाला, "बरं झालं तुमीच फोन क्येला. गंधक किती तोळं घालायचं, त्येवढं परत एकदा सांगा."